समोरून वारा, तरी होडी पुढे कशी?

आजच्या भागासाठी हेडफोनबरोबर एक टेबल फॅनही जवळ ठेवा. पण आधी माझी एक चूक ऐका.

मी रत्नागिरीजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. सातवीच्या वर्गात मी ठोकून दिलं, "शिडाची होडी वारा ढकलेल तिकडेच जाते. पहाटे मतलई वारा तिला समुद्रात नेतो, दुपारी खारा वारा परत आणतो." मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, आणि वारा फिरलाच नाही तर? माझे आजोबा समोरून वारा असला तरी घरी यायचेच की!" वर्ग हसला. मीही हसलो, तिला खाली बसवलं. तासभर ती गप्प होती.

घरी जाऊन वाचलं, तर आजोबा बरोबर होते. आता वर्गात नुसतं "चुकलो" म्हणून भागणार नव्हतं. करून दाखवायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी टेबलावर फॅन लावला. एका डब्याच्या झाकणावर जाड पुठ्ठ्याचं शीड उभं केलं आणि झाकणाखाली गोट्या ठेवल्या. फॅन सुरू केला, झाकण सरळ मागे गेलं. मुलं म्हणाली, "बघा, सर बरोबरच होते!"

मग तेच शीड मातीच्या गोळ्यात रोवून खेळण्यातल्या गाडीवर बसवलं. गाडी मी त्या मुलीच्याच हातात दिली. गाडीचं तोंड फॅनकडे, पण सरळ नाही. साधारण 60 अंश तिरकं. शीड गाडीची दिशा आणि वाऱ्याची दिशा यांच्या बरोबर मधोमध. फॅन सुरू. गाडी जरा थरथरली आणि तिरकी तिरकी चक्क फॅनच्या दिशेने वीतभर सरकली!

फरक कशाचा? चाकांचा. वारा शिडाला साधारण काटकोनात ढकलतो. त्या जोराचा मोठा भाग बाजूला असतो, थोडासा पुढे. चाकं बाजूला सरकत नाहीत, त्यामुळे तो बाजूचा जोर अडतो आणि पुढचा तेवढा उरतो. गोट्यांना अशी अडवणूक जमत नाही. होडीत चाकांचं काम तळाचा लांब कणा करतो, पाण्याला धरून. कलिंगडाची ओली बी दोन बोटांत दाबली की कशी सुळकन पुढे उडते? इथे एक बोट वाऱ्याचं, दुसरं पाण्याचं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून हात वर झाला. "सर, मग एकदम सरळ समोर का नाही जात?"

गाडी सरळ फॅनकडे वळवून पाहिली. शीड कसंही फिरवा, गाडी मागेच जाते. साध्या होड्यांना वाऱ्याच्या दिशेपासून 45 अंश किंवा त्याहून जास्त बाजूला राहावं लागतं. म्हणून आधी डावीकडे तिरकं, मग वळून उजवीकडे तिरकं, असं नागमोडी जात घर गाठायचं. वर्गाला मी सांगितलं, काल मी चुकलो होतो, आजोबा नाही.

घरी करून बघा. गाडी हलली नाही तर चाकांना थेंबभर तेल द्या, उलटली तर शीड बुटकं करा. भेटू पुढच्या भागात!