नित्यक्रमाचे शहाणपण : कुडपणच्या निमित्ताने

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला –
• सवय म्हणजे काय आणि ती कशी जडते, हे स्पष्ट करता येईल.
• शरीरश्रम, माहिती आणि समाधान यांचा परस्परसंबंध एका प्रदेशाच्या संदर्भात उलगडता येईल.
• व्यक्तीच्या सवयी आणि समाजव्यवस्थेची जबाबदारी यांतील फरक सांगता येईल.
• स्वतःचा नित्यक्रम तपासून त्यात पेलण्याजोगा एक बदल योजता येईल.

प्रस्तावना

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, ‘सुखी जीवनासाठी चांगल्या सवयी’ या विषयावरील लेखन आपल्या वाचनात नेहमीच येते. पहाटे उठा, व्यायाम करा, वाचन करा, मन प्रसन्न ठेवा, असा उपदेश त्यात असतो. तो खोटा नसतो. परंतु तो कोणासाठी केलेला आहे, हे बहुधा स्पष्ट नसते. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाला ‘चाला’ असे सांगणे आणि डोक्यावर भारा घेऊन डोंगर चढणाऱ्या बाईला ‘चाला’ असे सांगणे, यांचा अर्थ एक होत नाही. म्हणून या घटकात आपण सवयींचा विचार एका विशिष्ट भूमीवर उभे राहून करणार आहोत. ती भूमी आहे रायगड जिल्ह्यातील महाड-पोलादपूरचा डोंगराळ भाग आणि त्यातील कुडपण हे गाव.

कुडपण पोलादपूर तालुक्यात, सह्याद्रीच्या उंच अंगावर वसले आहे. ‘भीमाची काठी’ या नावाने ओळखला जाणारा सुळका तेथील दरीत उभा आहे. नरवीर तानाजी मालुसरे यांचे उमरठ याच तालुक्यातले, आणि शेलारमामांचे गाव म्हणून परंपरा कुडपणचे नाव घेते. पावसाळ्यात धबधबे पाहायला पर्यटक येथे येतात. त्यांना जे निसर्गसौंदर्य दिसते, तेच उतार, तोच पाऊस आणि तेच अंतर येथे राहणाऱ्यांच्या दिवसाचे वेळापत्रक ठरवते.

१. सवय म्हणजे काय?

एकाच परिस्थितीत एकच कृती पुन्हा पुन्हा केली, की पुढे ती परिस्थिती समोर येताच कृती आपोआप घडू लागते. तिच्यासाठी वेगळा निश्चय करावा लागत नाही. या आपोआपपणाला सवय म्हणतात. २१ दिवसांत सवय लागते, असे आपण अनेकदा ऐकतो. लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी ९६ जणांचा अभ्यास करून २०१० मध्ये प्रसिद्ध केलेले निष्कर्ष निराळे आहेत. कृती आपोआप होऊ लागण्यास सरासरी ६६ दिवस लागतात असे त्यात दिसले. मात्र व्यक्ती आणि कृती यांनुसार हा काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या प्रक्रियेत फारसा फरक पडत नाही, हेही त्यातून दिसून आले.

प्रौढ विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा निष्कर्ष मोलाचा आहे. लावणीच्या दिवसांत, घरातल्या आजारपणात किंवा कारखान्यातील जादा पाळीमुळे अभ्यासाचा एक दिवस बुडाला, तर ‘आता आपल्याच्याने होत नाही’ असे समजून पुस्तक मिटण्याचे कारण नाही. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा उघडणे, एवढेच आवश्यक आहे.

नित्यक्रमाचा विचार मराठीला नवा नाही. महाड तालुक्यातील शिवथरघळ येथे समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’चे लेखन केले, अशी परंपरा आहे. या ग्रंथाच्या अकराव्या दशकातील तिसरा समास साधकाला दिवसाचा क्रम सांगतो. पहाटे उठणे, पाठांतर, शौच आणि स्नान, श्रवण-वाचन यांबरोबरच आपला व्यवसाय नीट जाणून करणे आणि एकही क्षण रिकामा न दवडणे, हे त्यात येते. येथे प्रपंच आणि अध्ययन यांची फारकत केलेली नाही. पोट भरण्याचे काम आणि मन घडवण्याचे काम एकाच दिवसात बसवायचे आहे. मुक्त विद्यापीठात शिकणाऱ्या आपल्यासमोरचा प्रश्नही हाच आहे.

२. शरीर : श्रम आणि व्यायाम

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाची शारीरिक हालचाल करावी आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे श्रम करावेत. रोज ३० मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस झपझप चालले, तरी त्यातील किमान मर्यादा गाठता येते.

डोंगरातील शेतकरी कुटुंबाला हा हिशेब करण्याची गरज एके काळी नव्हती. खाचरातील भात, उतारावरच्या वरकस जमिनीतील नाचणी आणि वरी, सरपण, गुरे, पाणी, बाजार ही सारी कामे पायांच्या बळावर होत. मात्र या श्रमांना निरोगी जीवनाचा आदर्श म्हणून गौरवताना दोन गोष्टी विसरू नयेत. पहिली म्हणजे या श्रमांत निवड नव्हती. झीजलेले गुडघे, वाकलेली पाठ आणि बाळंतिणीलाही न मिळणारी विश्रांती हा त्यांचाच भाग होता. दुसरी म्हणजे हे श्रम आता सर्वत्र राहिलेले नाहीत. कमावत्या वयाची माणसे नोकरीसाठी मुंबईकडे आणि औद्योगिक वसाहतींकडे गेली. रस्ता आणि वाहन आले. चुलीच्या जागी गॅस आला. कष्ट कमी झाले, हे योग्यच झाले. परंतु त्यांच्याबरोबर हालचालही कमी झाली आणि तिची जागा कशानेही भरून निघाली नाही.

म्हणून या पिढीने हालचाल जाणीवपूर्वक निवडायला हवी. मुंबईत राहणाऱ्या चाकरमान्याने बसच्या एक थांबा आधी उतरून चालावे. गावी राहणाऱ्याने जवळच्या कामासाठी दुचाकी काढू नये. आहाराचेही तसेच आहे. भाकरीची जागा पाव-बिस्किटांनी घेताना आपण काय गमावतो, ते पाहा. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. तांदळात त्याचे प्रमाण अगदीच थोडे असते. ज्या धान्याला ‘गरिबाचे अन्न’ म्हणून कमी लेखले गेले, ते वाढत्या मुलांच्या आणि वृद्धांच्या हाडांसाठी बहुमोल आहे. आठवड्यातून काही वेळा तरी नाचणीची भाकरी किंवा आंबील घेणे, ही या मातीतील सहज जमणारी सवय होय.

३. माहिती : कळणे आणि वळणे

‘माहितीपूर्ण जीवन’ म्हणजे भ्रमणध्वनीवर दिवसभर बातम्या पाहणे, असा समज रूढ होत आहे. माहितीची कसोटी वेगळी आहे. ती आपल्या निर्णयाला उपयोगी पडते काय? महाड-पोलादपूरच्या भागात या प्रश्नाचे उत्तर जीवन-मरणाशी निगडित आहे.

२००५ च्या जुलैमधील अतिवृष्टीत महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहन आणि कोंडीवते येथे दरडी कोसळून मोठी मनुष्यहानी झाली. त्यानंतर १६ वर्षांनी, २२ जुलै २०२१ रोजी, त्याच तालुक्यातील तळिये येथे डोंगराचा कडा वस्तीवर आला आणि ८० हून अधिक माणसे दगावली. पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. त्या वेळी सह्याद्रीच्या माथ्यावरील महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती.

भारतीय हवामान विभागाच्या वर्गीकरणात २४ तासांतील ६४.५ मिलिमीटरपासून पुढच्या पावसाला ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अति जोरदार’ आणि २०४.५ किंवा त्याहून अधिक पावसाला ‘अत्यंत जोरदार’ म्हणतात. इशाऱ्यांच्या रंगांचे अर्थही ठरलेले आहेत. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा आणि लाल म्हणजे कृती करा. परंतु इशारा बहुधा जिल्ह्यासाठी असतो. रायगड जिल्हा अलिबागच्या किनाऱ्यापासून कुडपणच्या माथ्यापर्यंत पसरलेला आहे आणि घाटमाथ्यावर पाऊस किनाऱ्यापेक्षा फार वेगळा पडू शकतो. आपल्या वाडीत किती पाऊस झाला, हे वाडीतच मोजावे लागते.

त्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. तळापासून तोंडापर्यंत सारख्याच रुंदीचा, उभ्या बाजूंचा डबा उघड्यावर, झाडा-छपरापासून दूर ठेवावा. रोज सकाळी ८.३० वाजता, म्हणजे हवामान विभागाच्या नोंदीच्या वेळी, त्यातील पाण्याची उंची पट्टीने मोजून वहीत लिहावी आणि डबा रिकामा करून पुन्हा ठेवावा. एक सेंटिमीटर उंची म्हणजे १० मिलिमीटर पाऊस. बादली वर रुंद आणि खाली निमुळती असते, म्हणून ती चालत नाही. या नोंदीसोबत डोंगराकडेही पाहावे. जमिनीला नव्या भेगा पडणे, झाडे किंवा विजेचे खांब कलणे, दारे-खिडक्या अचानक अडकू लागणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, ओढ्याचे पाणी पाऊस चालू असतानाही अचानक घटणे ही दरडीची पूर्वचिन्हे असू शकतात. ती दिसताच, रात्र असली तरी, सुरक्षित जागी हलावे आणि प्रशासनाला कळवावे. जुन्या माणसांना पऱ्ह्याच्या आवाजातील बदल कळतो. त्या अनुभवाला वहीतील आकड्यांची जोड मिळाली, की त्यातून सामूहिक ज्ञान तयार होते.

अभ्यासालाही हेच तत्त्व लागू पडते. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्मरणाविषयीचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. शिकलेले सुरुवातीला झपाट्याने विसरले जाते आणि अंतराअंतराने उजळणी केल्यास अधिक टिकते, हे त्याने दाखवले. परीक्षेच्या आदल्या रात्री पाच तास बसण्यापेक्षा रोज अर्धा तास वाचावे आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक न उघडता पाच ओळी आठवून लिहाव्यात. एका डोंगरापलीकडे, सातारा जिल्ह्यातील भिलार हे गाव २०१७ पासून ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून ओळखले जाते. घराघरांत पुस्तके ठेवून वाचकाला दार उघडे करण्याची ही कल्पना आहे. आपल्या वाडीतील एखाद्या ओटीवर ठेवलेली वीस पुस्तकेही तिचे छोटे रूप ठरू शकतील.

४. समाधान : एकमेकांची सावड

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १९३८ मध्ये सुरू झालेल्या प्रौढ जीवनाच्या दीर्घ अभ्यासाने एक गोष्ट ठळकपणे पुढे आणली. उतारवयातील आरोग्य आणि समाधान यांचा जिव्हाळ्याच्या नात्यांशी जवळचा संबंध आहे. कोकणातील खेड्याला ही जाण ‘सावडी’च्या रूपाने होती. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या शेतात, अशा कामाच्या देवाणघेवाणीतून लावणी होई आणि नातीही टिकत. हरिनाम सप्ताह, गणपती, शिमगा यांनी वर्षाला ताल दिला.

आज सणाला घरे भरतात आणि नंतर कुलपे लागतात. मागे राहिलेल्या वृद्ध आई-वडिलांना पैसे वेळेवर पोहोचतात. बोलणे मात्र राहून जाते. आपण शहरात राहत असाल, तर ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी गावी दूरध्वनी करण्याची सवय लावून घ्या. ‘जेवलात का?’ एवढ्यावर न थांबता पाऊस किती झाला, ओढ्याला पाणी किती आहे, शेजारी कोण आजारी आहे, हेही विचारा. या एका संभाषणात माहितीही आहे आणि मायाही.

५. सवयींची मर्यादा

येथे एक प्रश्न उरतो. चांगल्या सवयी लावल्या म्हणजे सर्व काही साधते काय? याचे उत्तर महाडच्याच इतिहासात आहे. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला. प्रत्यक्षात अस्पृश्य मानलेल्यांना चवदार तळ्याचे पाणी मिळत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक तळ्यावर गेले आणि त्यांनी पाणी प्राशन केले. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या बांधवांना मृत जनावरांचे मांस सोडण्याचे, शिळ्या तुकड्यांवर न जगण्याचे आणि मुलांना शिकवण्याचे आवाहन केले. स्वतःच्या वागण्यातील बदल आणि हक्काची मागणी या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच वेळी केल्या.

आपणही हा समतोल राखला पाहिजे. पाऊस मोजणे ही नागरिकाची सवय आहे. धोकादायक वस्तीचे वेळेवर पुनर्वसन करणे ही शासनाची जबाबदारी आहे. चालणे हा आरोग्याचा मार्ग आहे. आजाऱ्याला डोलीतून न्यावे लागणे हे मात्र रस्त्याच्या अभावाचे दुःख आहे. पहिल्या गोष्टीच्या गौरवात दुसरी झाकली जाऊ नये.

समारोप

सवय ही लहान, ठरावीक आणि परिस्थितीशी बांधलेली कृती असते. शरीराची हालचाल, उपयोगी माहिती आणि माणसांचा सहवास या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या जोपासाव्या लागतातच असे नाही. वाडीतील एखादी विद्यार्थिनी रोज सकाळी पावसाचा डबा पाहायला बाहेर पडली, आकडा वहीत लिहिला आणि परतताना शेजारच्या वृद्धेला तो सांगून आली, तर तिने दहा मिनिटांत तिन्ही साधले. आपल्या दिवसातील अशी दहा मिनिटे कोणती, याचा शोध आपण आजच घ्यावा.

स्वाध्याय

१. सवय जडण्याच्या प्रक्रियेविषयीचा ‘२१ दिवसां’चा समज का टिकत नाही, ते पाच-सहा ओळींत लिहा.
२. पूर्वीचे शारीरिक श्रम आणि आजचा व्यायाम यांतील फरक आपल्या कुटुंबातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.
३. महाडच्या १९२७ च्या परिषदेत आचरणातील बदल आणि हक्काची मागणी यांची सांगड कशी घातली गेली, ते सांगा.
४. क्षेत्रीय कार्य : आपल्या गावातील किंवा वस्तीतील एका ज्येष्ठ व्यक्तीकडून पूर, दरड किंवा दुष्काळ यांची तेथील पूर्वचिन्हे समजून घ्या. त्यांच्याच शब्दांत ती टिपून घ्या आणि त्या बोलीतील कोणते शब्द आपल्याला नवे वाटले, त्यांची यादी करा.