लोअर परळची खोली, चार फुटी मोरी आणि फरशीचं कटर



आपल्या ऊसपट्ट्याचं आणि लोअर परळचं नातं जुनं आहे. सातारा, सांगली, कोल्हापूरकडची माणसं तिथल्या गिरण्यांत राबली, एकेका खोलीत पाळीपाळीनं दाटीवाटीत राहिली. त्यांच्या मनीऑर्डरींवर गावाकडं विहिरी खोदल्या गेल्या, बैल दावणीला आले. 18 जानेवारी 1982 रोजी मोठा संप सुरू झाला. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. कुणी गावी परतलं, कुणी तिथंच राहिलं. ज्यांनी खोली सोडली नाही, त्यांच्या घरात आज नातवंडं आहेत आणि मोरीतली शहाबादी फरशी झिजून पार गुळगुळीत झाली आहे.

अशी मोरी नवी करायची तर गवंडी मिळतो, पण एवढ्याशा कामाला तो चटकन येत नाही. आला तर दोन दिवसांची मजुरी सांगतो. मग घरातला तरणा पोरगा म्हणतो, "मशीन आणू, आपणच करू." विचार चांगला आहे. पण मशीन कुठलं? याचा हिशेब आधी घालू. गावाकडं बाथरूम किंवा ओटा करायचा असला तरी हिशेब हाच.

आधी टेप, मग बाजार

मोरी चार फूट लांब, तीन फूट रुंद आणि कोपऱ्यातली धरा. म्हणजे दोनच भिंतींना फरशी लागेल. भिंतीची फरशी 30 बाय 45 सेंटिमीटरची, उभी लावायची. चार फूट म्हणजे 122 सेंटिमीटर, त्यात चार फरशा बसतात. तीन फूट म्हणजे 91 सेंटिमीटर, त्यात तीन बसतात. उरलेलं सेंटिमीटरभर अंतर सांध्यांत आणि शेजारच्या भिंतीच्या फरशीच्या जाडीत जातं. आडव्या मापात कापायचं काही उरलं नाही.

आता उंची. चार फूट घेतली तर दोन ओळी पूर्ण बसून तिसरी कापावी लागते. सात फरशांना सात काप, सगळे मिळून दोन मीटर. तेच साडेचार फूट, म्हणजे 137 सेंटिमीटर घेतली की तीन ओळी अख्ख्या बसतात. फरशा दोन्हीकडं 21 च! काप वाचले आणि भिंतही अर्धा फूट जास्त झाकली.

खाली 30 बाय 30 च्या 12 खडबडीत फरशा लागतात. पाणी जायची जाळी 10 सेंटिमीटरची असेल तर ती कोपऱ्यात घ्या. तिथल्या फरशीला खाच पाडत बसू नका. तिचे सरळ कापून दोन तुकडे करा, एक 30 बाय 20 आणि दुसरा 20 बाय 10. जाळी नेमकी बसते. नळाचं भोक तेवढं राहिलं. तिथं ड्रिलला हिऱ्याचा गोल बिट लावावा लागतो. कड थोडी उडाली तरी नळाच्या बुडाची स्टीलची वाटी ती झाकते.

जुन्या भिंती गुण्यात नसतात, म्हणून एखाद-दोन फरशा वर-खाली कापाव्या लागतीलच. तरी सगळं काम चार-पाच मीटरच्या आत आहे. एवढ्या कापासाठी काय घ्यायचं?

चार हत्यारं

पहिलं म्हणजे नुसती रेघ मारायचा हात-कटर. शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. काच कापतात तशी रेघ मारायची आणि फरशी मोडायची. सात-आठ तुकड्यांपुरतं चालतं.

दुसरा दांड्यावर सरकणारा, चाकाचा हात-कटर. साधारण दोन-तीन हजारांच्या घरात येतो. भिंतीची साधी फरशी मऊ असते, ती यावर सरळ तुटते. वीज नाही, आवाज नाही, धूळ जवळजवळ नाही. आपल्या मोरीला हाच पुरे.

तिसरं मार्बल कटर, किंवा चकती लावलेला ग्राइंडर. किंमत जवळपास तेवढीच, म्हणून पोरांचं मन इकडं धावतं. शहाबादी, कडप्पा असा दगड कापायचा तर हेच लागतं, रेघ मारून दगड तुटत नाही. विट्रिफाइड फरशीत खाच किंवा गोल काप काढायचा असला तरी हेच.

चौथं पाण्याचा ट्रे असलेलं टेबल-कटर. काम सुबक, पण किंमत कितीतरी पट. रोजचा धंदा असेल त्यानंच घ्यावं. एका मोरीसाठी घेणं म्हणजे दोन गुंठ्यांसाठी ट्रॅक्टर विकत घेणं.

हत्यारांची दुकानं क्रॉफर्ड मार्केटजवळच्या नागदेवी स्ट्रीटवर दाटीनं आहेत. जाताना फरशीचा तुकडा पिशवीत न्या आणि दुकानातच कापून बघा. दांडा वाकडा नको, चाक डगमगायला नको. जोडीला एक जादा चाक मागून घ्या.

खरी किंमत धुळीची

चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे 11,000 फेरे घेतो. म्हणजे चकतीची कड ताशी 200 किलोमीटरच्या वेगानं पळते. तिच्यावरचं संरक्षक झाकण काढून काम करू नका. लाकूड कापायची दात्यांची चकती तर कधीच लावू नका.

कोरडं कापलं की जी पांढरी धूळ उडते, तिच्यात सिलिका असते. तिचा सर्वांत घातक कण डोळ्यांना दिसत नाही. तो फुप्फुसात खोल जाऊन बसतो. त्यातून सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. क्षयाचा धोकाही वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 1997 मध्ये ही धूळ कर्करोगकारक ठरवली. एका मोरीनं कुणाचं फुप्फुस जात नाही. पण हात बसला की पोरगं चार घरची कामं घेतं, आणि रोजच्या कोरड्या कापानं रोग जडतो. ज्या लोअर परळात आपल्या थोरल्यांनी कापसाच्या धुळीनं छाती भरून घेतली, त्याच खोलीत नातवानं दगडाची धूळ का गिळावी?

म्हणून यंत्रानं कापायचंच तर पाण्याची नळी जोडायची सोय असलेलं कटर घ्या. साध्या ग्राइंडरवर बाटलीनं पाणी ओतू नका, करंट बसेल. पंपाच्या स्टार्टरला आपण ओल्या हातानं शिवत नाही, तोच नियम इथं. लाईनला 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी हवं आणि बोर्ड कोरड्या बाजूला हवा. तोंडाला एन-95 मास्क लावा, रुमालानं ही धूळ अडत नाही. डोळ्यांना चष्मा लावा. आणि कापकाम बंद खोलीत किंवा चाळीच्या कॉमन गॅलरीत नको. शेजाऱ्याचं पोरही तीच हवा घेतं.

सावड करा

शेतात आपण सावड करतो. एकाचा बैल, दुसऱ्याचा बैल, दोघांचं औत चालतं. चाळीतल्या चार खोल्यांनी मिळून एक चाकाचा कटर घेतला तर माणशी पाच-सातशे रुपये पडतात आणि चार मोऱ्या होतात. नळाच्या भोकापुरतं ड्रिल दिवसाच्या भाड्यानं आणावं.

एक शेवटचं. जुनी फरशी उखडण्याआधी खालच्या मजल्यावरच्या माणसाला सांगा. नवी लावण्याआधी खाली वॉटरप्रूफिंगचा थर द्या आणि बादलीभर पाणी ओतून उतार जाळीकडंच जातो ना, ते बघा. फरशी कितीही सुबक कापली तरी पाणी खालच्याच्या देव्हाऱ्यावर ठिबकलं, तर सगळं काम पुन्हा उखडावं लागतं.