विश्लेषण : नेम खेळाडूचा, मग डाव कोणाचा? ई-स्पोर्ट्सच्या संघात प्रशिक्षक काय करतो?

केंद्र सरकारने २७ डिसेंबर २०२२ रोजी ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली आणि हा विषय क्रीडा मंत्रालयाकडे सोपवला. तेव्हापासून मुंबई-पुण्यातच नव्हे, तर यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्यासारख्या ठिकाणीही घराघरांतल्या जुन्या भांडणाला नवे वळण लागले आहे. मुलगा म्हणतो, हा खेळ आहे. वडील म्हणतात, हा नाद आहे. खेळ म्हटला की मैदान आले, सराव आला आणि शिकवणारा आला. इथे मैदान फोनमध्ये मावते आणि सराव रात्री उशिरापर्यंत चालतो. शिकवणारा मात्र गावात सहसा दिसत नाही. मोठ्या व्यावसायिक संघांकडे तो असतो, पगारी असतो आणि कधी कधी एक नव्हे तर तीन-चार असतात. ते नेमके काय करतात?

प्रशिक्षक नेम धरायला शिकवतो का?

जवळजवळ नाहीच. व्यावसायिक संघात पोहोचलेल्या खेळाडूचा नेम आणि बोटांचा वेग आधीच पक्का झालेला असतो. प्रशिक्षकाचे खरे काम निर्णयांचे असते. कुठे उतरायचे, कधी भिडायचे आणि कधी गप्प बसायचे, हे तो ठरवतो.

बीजीएमआयचेच उदाहरण घेऊ. स्पर्धेतल्या एका सामन्यात चौघांचे १६ संघ, म्हणजे ६४ खेळाडू उतरतात. प्रचलित गुणपद्धतीत पहिल्या क्रमांकाला १० गुण मिळतात, दुसऱ्याला ६, तिसऱ्याला ५ आणि पुढे ते घटत जातात. शिवाय बाद केलेल्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्यामागे १ गुण मिळतो. एखादा संघ आठ जणांना टिपून नवव्या क्रमांकावर संपला, तर त्याला ८ गुण. दुसरा संघ फक्त तिघांना टिपून तिसरा आला, तरी त्याचेही ८ गुण. प्रेक्षकांना पहिला संघ भारी वाटतो. प्रशिक्षकाला प्रश्न वेगळा पडतो : अंतिम फेरीतल्या दीड-दोन डझन सामन्यांत यातली कोणती पद्धत आपल्या चौघांना झेपेल? आज गुणतक्त्यात आपण चौथे आहोत, तर शेवटच्या सामन्यात धोका घ्यायचा की सांभाळून खेळायचे? हे गणित मैदानात गोळ्या सुटत असताना करता येत नाही. ते आधी झालेले असावे लागते.

मैदानात सूचना देणारा खेळाडू वेगळा असतो. त्याला आयजीएल, म्हणजे इन-गेम लीडर म्हणतात. क्रिकेटच्या भाषेत तो कर्णधार. तो त्या क्षणी काय करायचे ते ठरवतो. त्या क्षणाआधी काय काय घडू शकते, याची उजळणी करून घेणारा तो प्रशिक्षक. दोघांचे पटले नाही की संघ मोडतो, हे कबड्डीच्या मंडळांना वेगळे सांगायला नको.

मग दिवसभर चालते काय?

मोठे संघ खेळाडूंना एका घरात किंवा कार्यालयात एकत्र ठेवतात, त्याला बूटकॅम्प म्हणतात. सराव सामन्यांना स्क्रिम्स म्हणतात आणि ते बहुधा दुपारनंतर ते रात्रीपर्यंत चालतात. सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग त्यानंतर येतो. सामन्याचे रेकॉर्डिंग लावून, दर काही सेकंदांनी थांबवून ते पाहायचे. ‘तू इथे उजवीकडे का वळलास?’, ‘गाडी का सोडलीस?’, ‘साथीदार पडला तेव्हा तुला त्याचा आवाज ऐकू आला होता का?’ असे प्रश्न सुरू होतात. खेळाडूला आपली चूक आठवतच नसते, कारण त्या वेळी तो फक्त आपला पडदा पाहत असतो. चारही पडदे पाहिलेला माणूस एकच असतो.

दुसऱ्या संघांचा अभ्यास करणाऱ्याला अ‍ॅनालिस्ट म्हणतात. प्रतिस्पर्धी कुठे उतरतो, वर्तुळ सरकले की कोणत्या रस्त्याने येतो, याच्या नोंदी तो ठेवतो. छोट्या संघात हेही काम प्रशिक्षकाकडेच येते. त्यात खेळ बनवणारी कंपनी वेळोवेळी बदल करते. एखादी बंदूक कमजोर होते, नवा नकाशा येतो आणि महिनाभर घोटलेला डाव एका रात्रीत शिळा होतो. कुस्तीच्या वस्तादाला ही अडचण कधी आली नाही. धोबीपछाड शंभर वर्षांपूर्वी होता तसाच आजही आहे.

सामना सुरू असताना त्याला बोलता येते का?

याचे उत्तर खेळागणिक बदलते आणि इथेच या पदाचा इतिहास रंजक होतो. ‘लीग ऑफ लीजंड्स’मध्ये सामन्याआधी दोन्ही संघ आळीपाळीने आपापली पात्रे निवडतात आणि समोरच्याला नको असलेली पाच-पाच पात्रे बाद करतात. पात्रांची संख्या दीडशेहून अधिक असल्याने ही निवड म्हणजे निम्मा सामनाच असतो. ती होईपर्यंत प्रशिक्षक खेळाडूंच्या मागे वही घेऊन उभा असतो. निवड संपली की दोन्ही प्रशिक्षक मंचावर हस्तांदोलन करून आत निघून जातात. पुढचा अर्धा तास ते फक्त प्रेक्षक असतात.

‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये उलटे घडले. तिथे प्रशिक्षक पाचही खेळाडूंच्या मागे उभा राहून सतत बोलायचा आणि प्रत्यक्षात सहावा खेळाडू बनला होता. खेळ बनवणाऱ्या वाल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०१६ मध्ये त्याला लगाम घातला. आपल्या स्पर्धांत प्रशिक्षकाने सराव वेळेत, मध्यंतरात आणि ३० सेकंदांच्या चार टाइमआउटमध्येच बोलावे, असा नियम आला. काही संघांना याचा मोठा फटका बसला. डाव रचणारा माणूस मुका झाला आणि खेळाडूंना स्वतः विचार करायची सवयच उरलेली नव्हती.

या पदाची काळी बाजूही याच खेळात उघड झाली. खेळातल्या एका दोषामुळे प्रशिक्षकाचा कॅमेरा नकाशावर एका जागी अडकून राहायचा आणि तिथून प्रतिस्पर्ध्यांच्या हालचाली दिसायच्या. कित्येकांनी हे कळवण्याऐवजी त्याचा फायदा घेतला. सप्टेंबर २०२० मध्ये ई-स्पोर्ट्समधील गैरप्रकारांवर लक्ष ठेवणाऱ्या आयोगाने ३७ प्रशिक्षकांवर काही महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत बंदी घातली. पोरे नव्हे, त्यांना शिस्त लावणारे सापडले. त्या वेळी अनेक खेळाडूंना आपल्यामागे काय चालले होते याची कल्पनाही नव्हती.

चांगल्या प्रशिक्षकाने खरोखर फरक पडतो?

दक्षिण कोरियाच्या किम जोंग-ग्युन यांचे नाव इथे पहिले घ्यावे लागेल. ‘कोमा’ या नावाने ओळखले जाणारे हे प्रशिक्षक एसकेटी टी१ संघासोबत २०१३, २०१५ आणि २०१६ मध्ये ‘लीग ऑफ लीजंड्स’चे विश्वविजेते झाले. मध्ये ते संघ सोडून गेले. २०२३ मधल्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्यांनी कोरियाच्या राष्ट्रीय संघाला सुवर्णपदक मिळवून दिले. मग ते पुन्हा टी१ कडे आले आणि २०२४ व २०२५ चे विजेतेपदही आले. ‘फेकर’ हा त्या संघाचा तारा सगळ्या जगाला माहीत आहे; कोमा त्या मानाने कमी जणांना माहीत आहेत. डेन्मार्कच्या डॅनी सोरेन्सन ऊर्फ ‘झोनिक’ यांनी अ‍ॅस्ट्रालिस संघाला २०१७ ते २०१९ या काळात काउंटर-स्ट्राइकच्या चार मेजर स्पर्धा जिंकून दिल्या. या संघाची एक सवय नोंदवण्यासारखी. ऐन मोक्याला हातपाय गळणारा संघ, अशी त्यांची ख्याती होती. त्यांनी मिया स्टेलबर्ग या फिनलंडच्या मानसशास्त्रज्ञ महिलेची मदत घेतली आणि जानेवारी २०१७ मध्ये पहिली मेजर जिंकली.

‘डोटा २’मध्ये तर प्रशिक्षकच खेळायला उतरला. २०१८ मध्ये ओजी संघातले दोन खेळाडू ऐन वेळी निघून गेले. सेबास्तियन डेब्स, म्हणजे ‘सेब’ तेव्हा संघाचे प्रशिक्षक होते. त्यांनी हेडफोन चढवले आणि त्याच वर्षी तो संघ या खेळातली सर्वांत मोठी स्पर्धा, ‘द इंटरनॅशनल’ जिंकला. २०१९ मध्येही तोच जिंकला.

महाराष्ट्रात काय स्थिती आहे?

देशातल्या अनेक मोठ्या ई-स्पोर्ट्स संस्था मुंबई परिसरात आहेत. २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये ‘ईएसएल वन मुंबई’ ही डोटा २ ची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. ती चीनच्या कीन गेमिंगने जिंकली. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या ग्लोबल ई-स्पोर्ट्सला सप्टेंबर २०२२ मध्ये ‘व्हॅलोरंट’च्या पॅसिफिक लीगमध्ये कायमची जागा मिळाली. त्या लीगमधल्या दहा संघांत भारतातला तो एकटाच होता. पण तिथे टिकाव धरायचा म्हणून खेळाडू आणि प्रशिक्षकांचा ताफा बहुतांशी परदेशातून आणावा लागला. भारतात नेमबाज पोरांची वाण नाही. वाण आहे ती त्यांना वर्षानुवर्षे घडवणाऱ्या माणसांची. हांगझोऊला भारताचा ‘लीग ऑफ लीजंड्स’ संघ उपांत्यपूर्व फेरीत व्हिएतनामकडून हरला. ई-स्पोर्ट्समध्ये भारताला तिथे एकही पदक मिळाले नाही.

मोबाइलवरच्या खेळांत चित्र थोडे बरे आहे. बीजीएमआयच्या संघांचे प्रशिक्षक बहुतेक भारतीयच, आणि बरेचसे माजी खेळाडू. हॉकीचा किंवा कबड्डीचा प्रशिक्षक पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून पदविका घेऊन येतो. ई-स्पोर्ट्सचा प्रशिक्षक अनुभवावरच तयार होतो. वयाने तो खेळाडूंपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठा असतो, त्यामुळे पोरे त्याला ‘सर’ म्हणत नाहीत, ‘भाई’ म्हणतात. एकोणिसाव्या वर्षी लाखभर फॉलोअर असलेल्या पोराला रात्री फोन ठेवून झोपायला सांगणे ‘भाई’ला किती जमेल, हा प्रश्नच आहे.

नोकरीचीही शाश्वती नाही. पबजी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आले, जुलै २०२२ मध्ये तेही अ‍ॅप स्टोअरवरून काढले गेले आणि मे २०२३ मध्ये परतले. मधल्या दहा महिन्यांत संघांनी खर्च आखडला. अशा वेळी पहिली कुऱ्हाड पडद्यामागच्या माणसावर पडते.

लोहाऱ्यातल्या मुलाचे कुठे अडते?

यवतमाळचा आकाश चिकटे भारतीय हॉकी संघाचा गोलरक्षक झाला. हॉकीत शाळा, जिल्हा, राज्य, राष्ट्रीय शिबिर अशी शिडी असते आणि प्रत्येक पायरीवर कोणी तरी शिकवणारा उभा असतो. ई-स्पोर्ट्समध्ये शिडीच नाही. बीजीएमआयच्या मोठ्या स्पर्धांची सुरुवातीची नोंदणी खुली असते, लोहाऱ्यातले चौघेही नाव देऊ शकतात. म्हणजे दार उघडे आहे. पण आत गेल्यावर समोर येतात ते बूटकॅम्पमधले, अ‍ॅनालिस्ट असलेले संघ. चौघे एक-दोन फेऱ्या नेमाच्या जोरावर काढतात आणि मग बाहेर पडतात. आपण का हरलो, हे सांगणारे कोणी नसते. मग ते निष्कर्ष काढतात की फोन जुना आहे, नेट स्लो आहे. घरी नव्या फोनचा हट्ट सुरू होतो.

फोन आणि नेटचा फरक पडतोच, त्यात खोटे काही नाही. पण एखाद्या संघाने सलग दहा सामन्यांत त्याच वळणावर मार खाल्ला असेल, तर त्याला चाळीस हजारांचा फोन उपयोगी पडत नाही.

पालकांनी पैसे मोजण्याआधी काय पाहावे?

आधी खेळ कोणता ते पाहा. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. या कायद्याने ई-स्पोर्ट्स आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ वेगळे केले आहेत. ई-स्पोर्ट्समध्ये प्रवेश शुल्क आणि कामगिरीवर बक्षीस चालते, पण त्यावर पैज लावता येत नाही. पैशांचा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. ‘कोच’ म्हणवणारा कोणी मुलाला पैसे लावायला सांगत असेल, तर तो प्रशिक्षक नाही.

टेलिग्राम किंवा इन्स्टाग्रामवर ‘प्रो कोचिंग’ विकणारे बरेच भेटतात. त्याने कोणत्या संघाला, कोणत्या स्पर्धेत, किती काळ शिकवले हे विचारावे. स्पर्धांचे प्रक्षेपण यूट्यूबवर असते, संघांच्या घोषणाही जाहीर असतात. दहा मिनिटांत पडताळता येते. खात्याचा पासवर्ड किंवा ओटीपी मागणारा, ‘ट्रायलला घेतो’ म्हणून आगाऊ रक्कम मागणारा किंवा हॅक विकणारा असेल तर तिथेच थांबावे. करार कागदावर असावा आणि मूल १८ वर्षांखालचे असेल तर पालकांशी बोलल्याशिवाय काम पुढे नेणारा माणूस नकोच. बीजीएमआय २०२३ मध्ये परतले तेव्हा १८ वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा होती, हेही लक्षात ठेवावे. आठ-आठ तास खेळायला लावणारा प्रशिक्षक नियम पाळत नाही किंवा त्याला दुसरे काही शिकवता येत नाही.

पैसे न मोजताही एक गोष्ट करता येते. चौघांच्या संघासोबत बहुधा एक पाचवा असतो, बदली खेळाडू म्हणून ताटकळणारा. त्याच्याकडे वही द्यावी. चौघांनी आपापल्या फोनवर सामना रेकॉर्ड करायचा, पाचव्याने चारही रेकॉर्डिंग पाहायची आणि तीनच गोष्टी लिहायच्या : कुठे उतरलो, पहिला साथीदार कुठे आणि कशाने पडला, आणि त्या वेळी बाकीचे तिघे किती लांब होते. वीस सामन्यांची वही भरली की त्यात एकच वळण पुन्हा पुन्हा दिसते का, ते पाहायचे.