पट्टी आपल्या गळ्याची

गायक बैठकीत येऊन बसला की पेटीवाल्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : पट्टी कुठली? हौशी गायकांपैकी कितीतरी जणांना याचं उत्तर ठाऊक नसतं. ‘मूळ गाण्याची असेल ती’ असं सांगून ते मोकळे होतात. कराओकेने ही सवय आणखी पक्की केली. ट्रॅक ज्या पट्टीत मिळाला त्याच पट्टीत गायचं, मग गाणं लतादीदींचं असो की किशोरकुमारचं. गळा आपला आणि पट्टी दुसऱ्याची, हे क्वचितच जुळतं. जुळवायचा हट्ट धरला की घसा बसतो.

याचं कारण गळ्याच्या रचनेत आहे. कंठमण्याच्या मागे, स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. त्यांचा गाभा स्नायूचा आणि वरचं अस्तर अतिशय नाजूक. प्रौढ पुरुषात त्यांची लांबी साधारण १७ ते २१ मिलिमीटर, स्त्रीमध्ये ११ ते १५ मिलिमीटर. फुप्फुसातून येणाऱ्या हवेने ते वेगाने उघडतात, मिटतात. सेकंदाला किती वेळा, त्यावर आवाजाची उंची ठरते. बोलताना पुरुषांचे स्वरतंतू सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा मिटतात, स्त्रियांचे दोनशेच्या आसपास. काळी चार पट्टीत गाणारी गायिका तार पंचमावर पोचते तेव्हा हा आकडा ६२० च्या पुढे जातो.

हे सगळं गाताना प्रत्यक्ष पाहिलं ते एका गाण्याच्या शिक्षकाने. लंडनमध्ये शिकवणारे मॅन्युएल गार्सिया यांनी १८५४ मध्ये दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःचे स्वरतंतू हलताना बघितले. पुढच्याच वर्षी त्यांनी ही निरीक्षणं रॉयल सोसायटीपुढे मांडली.

तंबोऱ्याची तार खुंटी पिळून चढवतात, तसा वरचा सूर लावताना एक स्नायू स्वरतंतूंना ताणून लांब आणि पातळ करतो. दुसरा स्नायू त्यांना आखूड आणि जाड करतो. खालच्या सुरांत या दुसऱ्याचं काम जास्त असतं. आवाज वर जाईल तसा पहिल्याचा वाटा वाढायला हवा. बहुतेकांची गफलत इथेच होते. खालच्या सुरांचा जाडपणा तसाच ठेवून, हवेचा जोर वाढवून ते वर जाऊ पाहतात. मानेच्या शिरा फुगतात, हनुवटी वर जाते, आणि सूर लागलाच तर तो ओरडल्यासारखा लागतो.

आपली पट्टी शोधायला पेटी किंवा मोबाइलवरचं सूर दाखवणारं अ‍ॅप पुरतं. सकाळी उठल्या उठल्या मात्र शोधू नका. रात्रभर आडवं झोपल्याने स्वरतंतूंना किंचित सूज असते आणि आवाज नेहमीपेक्षा खाली जातो. सर्दी असतानाही नको. दुपारी किंवा संध्याकाळी, आवाज थोडा मोकळा झाल्यावर बसा. समोरच्याचं म्हणणं पटल्यावर आपण सहज ‘हं’ म्हणतो, तो सूर पेटीवर शोधा. तिथून ‘आ’कारात एकेक पट्टी खाली उतरा. आवाज घरघरू लागला किंवा नुसती हवा येऊ लागली की थांबा, आणि जिथे सूर भरीव, स्थिर लागत होता तिथे परत या. समजा तो सूर पांढरी पाच आहे. तो तुमचा मंद्र पंचम धरा आणि काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजत पाच घरं वर चढा. पांढरी एक येईल. हा झाला तुमचा षड्ज. आता या षड्जापासून वर जाऊन पाहा. तार गंधार-मध्यम मान न ताणता लागत असेल, तर भावगीतं आणि अभंग सहज निभतात. ख्यालाला तार पंचमापर्यंतची, म्हणजे दोन सप्तकांची तयारी लागते. ढोबळमानाने पुरुषांची पट्टी पांढरी एक ते काळी दोन आणि स्त्रियांची काळी चार-पाचच्या आसपास पडते. पण तुमची याहून वेगळी निघाली तर तीच बरोबर.

हा पल्ला वाढतो का? वाढतो, पण दोन्ही टोकांना सारखा नाही. खाली जाण्याची मर्यादा स्वरतंतूंच्या लांबी-जाडीने बरीचशी बांधलेली असते. पहाटे खर्ज भरल्याने तळाचा सूर फार खाली सरकत नाही, तर लागणारे मंद्र सूर दमदार आणि ठाम होतात. माझ्या मते ही कमाई मोठी आहे. वर मात्र बरीच जागा मिळते, ती हलकेपणाने. ओठ फुरफुरवत किंवा पातळ नळीतून आवाज काढत खालून वर, वरून खाली मींड घ्या. तोंडाकडची वाट अरुंद झाली की हवेचा थोडा दाब मागे परततो आणि स्वरतंतू एकमेकांवर कमी जोराने आपटतात. रोज दहा मिनिटं, आवाज लहान ठेवून हे केलं तर वरच्या सुरांची भीती जाते.

ज्येष्ठमध, खडीसाखर, मध यांनी घशाला बरं वाटतं, एवढंच. गिळलेली वस्तू स्वरतंतूंवरून जात नाही, गेली तर ठसका लागतो. त्यांचा ओलावा दिवसभर प्यायलेल्या पाण्याने टिकतो. वाफ तेवढी थेट पोचते. आणि सारखं खाकरणं सोडा, त्यात स्वरतंतू एकमेकांवर जोरात घासतात. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा.

गळा आयुष्यभर एकसारखा राहत नाही. रजोनिवृत्तीनंतर अनेक स्त्रियांचा आवाज खाली येतो. गंगूबाई हनगल यांचा आवाज घशाच्या शस्त्रक्रियेनंतर भारदस्त, जवळजवळ पुरुषी झाला. त्याच आवाजात त्या पुढे अनेक दशकं गायल्या आणि तोच आवाज त्यांची ओळख ठरला.

सगळ्यात मोठा बदल मुलांना कंठ फुटतो तेव्हा होतो. बारा ते पंधरा वर्षांच्या दरम्यान स्वरयंत्र झपाट्याने वाढतं, आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो आणि काही महिने चिरकतो. नेमक्या याच वेळी कितीतरी मुलगे लाजून गाणं सोडतात. शाळेतल्या आणि क्लासमधल्या संगीतशिक्षकांना म्हणूनच विनंती आहे : या मुलांना समूहगीतातून वगळू नका. त्यांची पट्टी उतरवा, दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासा आणि त्यांना थोडं, हळू आवाजात का होईना, गात ठेवा.