कोलेस्टेरॉल उतरले म्हणजे यकृत सुधारले का?

मिरज, कराड किंवा साताऱ्याहून रक्ततपासणीचा कागद हाती आला की घरचे लोक आधी कोलेस्टेरॉलचा आकडा शोधतात. तो २०० च्या आत असला की हायसे वाटते. हृदयाच्या दृष्टीने ते बरोबर आहे. पण रुग्णाला सिरॉसिस असेल, म्हणजे यकृतात जागोजागी घट्टे धरून ते कडक झाले असेल, तर ९० हा आकडा आनंदाचा नव्हे.

अंगातले बहुतेक कोलेस्टेरॉल खाण्यातून येत नाही. शरीर ते स्वतः बनवते आणि त्यात यकृताचा वाटा मोठा असतो. शिवाय चरबी पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तातून जाण्यासाठी तिला प्रथिनांचे वेष्टन लागते. तेही मुख्यतः यकृतच पुरवते. सांगली-साताऱ्याच्या वाचकांना साखर कारखान्याचे उदाहरण पटेल: यंत्रे थकली की उसाच्या गाड्या उभ्या असूनही पोती कमी निघतात. यकृताच्या पेशी जसजशा निकामी होतात तसतसे एकूण कोलेस्टेरॉल, 'वाईट' म्हटले जाणारे एलडीएल आणि 'चांगले' एचडीएल, तिन्ही उतरू लागतात.

मिरजेत १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिशनचे रुग्णालय सुरू केले, त्या काळी डॉक्टरांची भिस्त पिवळे डोळे आणि फुगलेले पोट यांवर असे. आज डॉक्टर बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याचा वेळ, पोटातले पाणी आणि रुग्णाची शुद्ध या पाच गोष्टींवरून सिरॉसिसची पायरी ठरवतात. तिला चाइल्ड-प्यू म्हणतात. कोलेस्टेरॉल या पाचांत नाही. पण आजार वरच्या पायरीवर गेला की ते बहुधा खाली येते, म्हणून ही साधी तपासणीही काही सांगून जाते.

मात्र तिच्यावर एकटीवर विसंबू नये. पित्ताचा मार्ग अडला असेल तर कोलेस्टेरॉल उलट वाढते. दारू चालू असेल तर ट्रायग्लिसराइड चढलेले दिसू शकते. आणि आपल्या कामाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पोटभर न जेवणाऱ्या माणसाचे कोलेस्टेरॉल यकृत धड असतानाही कमी असू शकते. वीटभट्टीवर राबणाऱ्या कातकरी बाईचा आकडा कमी आला म्हणून तिला यकृताचा आजार चिकटवू नये. सिरॉसिस म्हणजे दारूच, हाही समज सोडावा. हिपॅटायटिस बी आणि सी, तसेच मधुमेहाबरोबर येणारी यकृतातली चरबी हीसुद्धा त्याची कारणे आहेत.

खरे नुकसान होते ते पथ्याने. 'लिव्हर' हा शब्द ऐकला की घरात तेल बंद, डाळ बंद, अंडी बंद, आणि रुग्ण भाताच्या पेजेवर. आधीच खंगलेल्या माणसाचे स्नायू त्याने आणखी झडतात. सिरॉसिसच्या रुग्णाला दर किलो वजनामागे रोज सुमारे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. ६० किलोच्या माणसाला ७० ते ९० ग्रॅम. डाळ, मटकी, दूध, अंडी चालतात, नव्हे, हवीतच. रात्री उपाशीपोटी फार वेळ जाऊ नये, म्हणून झोपण्यापूर्वी दूध-भाकरी द्यावी. पोटात पाणी झाले असेल तर मीठ कमी करावे लागते. दारू मात्र पूर्ण बंद. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने थांबवू नये आणि सुरूही करू नये.

एका आकड्यापेक्षा आकड्यांची चाल अधिक बोलते. मागच्या वर्षी १६०, दिवाळीत १३०, आता ९५, असा उतार डॉक्टरांना दिसला पाहिजे. कामासाठी सतत स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांचे कागद भिजतात, हरवतात. वस्तीवर जाणाऱ्यांनी असे जुने कागद तारखेप्रमाणे लावून प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्यावेत आणि पुढच्या तपासणीला ती पिशवी बरोबर न्यायला सांगावे.