तागडी, मडके आणि उघडे दार : ख्रिस्ती धर्मातील नीतिमत्त्वाचा विचार

वेल्ह्याच्या बाजारात तांदूळ घेणाऱ्या माणसाला ख्रिस्ती धर्मातील नीतिमत्त्वाची कल्पना समजावून द्यावयाची असेल, तर प्रारंभ स्वर्ग-नरकापासून न करता तागडीपासून करावा. तागडीला पासंग असला म्हणजे काय होते, पायली शीग लावून भरली की हाताने सपाट केली, काटा कोणी आणि कसा मारला, हे आपल्याकडे पोरालाही कळते. 1956 साली मेट्रिक वजनांचा कायदा झाला, पुढे शेर-पायली जाऊन किलो आला. परंतु काटा मारण्याची विद्या काही त्याबरोबर गेली नाही. आता गंमत अशी की, ज्या इब्री भाषेत बायबलचा जुना करार लिहिला गेला, तिच्यात खऱ्या तागडीचे वर्णन करणारा शब्द आणि नीतिमान माणसाचे वर्णन करणारा शब्द हे एकाच धातूपासून आलेले आहेत. लेवीय नावाच्या ग्रंथात तागडी, वजने आणि मापे खरी ठेवण्याची आज्ञा आहे, ती थेट देवाचे नाव घेऊन दिलेली आहे. मराठी बायबलात ज्याला ‘नीतिमत्त्व’ म्हटले आहे त्याचे मूळ असे बाजारात आहे. आपल्या ‘प्रामाणिक’ या शब्दातही ‘प्रमाण’ म्हणजे मापच दडलेले आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ही कल्पना आपल्याला परकी वाटू नये.

या विचाराला धार आणली ती आमोस नावाच्या एका मेंढपाळाने. ख्रिस्तापूर्वी आठव्या शतकात, बेथलेहेमच्या दक्षिणेस तकोवा नावाचे डोंगरी गाव होते, तेथला हा राहणारा. मेंढरे राखावीत आणि उंबराच्या जातीच्या झाडांची मशागत करावी, हा त्याचा व्यवसाय. तोरण्याच्या अंगाखांद्यावर ज्यांनी धनगरवाडे पाहिले आहेत त्यांना हा मनुष्य डोळ्यांपुढे आणणे कठीण जाणार नाही. तो उत्तरेच्या राज्यात बेथेलच्या देवस्थानी गेला आणि तेथल्या सुखवस्तू भाविकांना त्याने तोंडावर सुनावले. सण कधी संपतो आणि दुकान कधी उघडतो असे ज्यांना झाले आहे, जे माप लहान करतात आणि घेण्याचे वजन जड करतात, गव्हाबरोबर भुसाही विकतात, त्यांच्या भजनांचा देवाला वीट आला आहे, असा त्याच्या सांगण्याचा मथितार्थ. तेथल्या पुजाऱ्याने त्याला आपल्या मुलखात परत जाऊन पोट भरण्यास सांगितले, हे वेगळे सांगावयास नको.

दुसरा शब्द सचोटीचा. इब्रीत तो ‘तोम’. त्याचा अर्थ पूर्ण, अखंड, न तडकलेले. मराठी बायबलात बहुधा त्यासाठी ‘सात्त्विक’ हा शब्द येतो. ईयोबाचे वर्णन करताना तोच वापरला आहे. मला विचाराल तर ‘सात्त्विक’ म्हटल्याने आपल्या डोळ्यांपुढे उगाच दूधभात येतो. त्यापेक्षा कुंभाराच्या दारात बाई मडके घेताना ते बोटाच्या पेराने वाजवून पाहते, ते आठवावे. वरून रंग सारखाच असतो. चीर असली तर आवाज बद्द येतो. सचोटीचा मनुष्य म्हणजे कधीही न चुकणारा मनुष्य नव्हे. ज्याच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूत चीर नाही, तो.

येशूने डोंगरावरील प्रवचनात नेमका याच जागी हात घातला आहे. शपथ घेऊच नका, असे तो सांगतो. कारण माणसाच्या होकाराला आणि नकाराला शपथेवाचून वजन असले पाहिजे. दान करावयाचे ते गाजावाजा न करता, प्रार्थना करावयाची ती चव्हाट्यावर नव्हे. आणि लूकच्या शुभवर्तमानात जक्कयाची गोष्ट आहे, ती तर आपल्या मामलेदार कचेरीच्या जुन्या आठवणी असणाऱ्यांना विशेष आवडावी. जक्कय हा रोमी सरकारचा जकातदार, अर्थातच गबर आणि अर्थातच लोकांच्या शिव्याशापांचा धनी. येशू आपण होऊन त्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला. त्या भेटीनंतर जक्कय उठून काय म्हणाला? अर्धी मालमत्ता गोरगरिबांना देतो, आणि ज्याचे मी अन्यायाने घेतले असेल त्याला चौपट परत करतो. येथे नीतिमत्त्वाचा हिशेब अश्रूंनी झालेला नाही, तो रोख झाला आहे. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, ही परंपरेने सांगितलेली कथा याच जातीची. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत, त्यात काव्य किती आणि वस्तुस्थिती किती, हे अशा गोष्टी शेजारी ठेवून पाहिले म्हणजे कळते.

पौलाने पुढे यात एक पेच आणला. माणूस स्वतःच्या पुण्याईने देवापुढे नीतिमान ठरू शकत नाही, ते नीतिमत्त्व विश्वासाने, देवाच्या कृपेने, फुकट मिळते, असे त्याचे प्रतिपादन. मग कोणीही विचारील, फुकट मिळते तर जपावयाचे कशाला? खुद्द पौलालाच ही शंका विचारली गेली होती आणि रोमकरांच्या पत्रात त्याने ती झिडकारून लावली आहे. याकोबाचे पत्र तर कृतीवाचूनचा विश्वास मेलेला आहे असे सरळच म्हणते. पंडितांनी यावर शतकानुशतके काथ्याकूट केला. तो येथे उकलत बसण्याचे कारण नाही. व्यवहारात याचा अर्थ इतकाच की, ख्रिस्ती मनुष्याने चांगले वागावे ते स्वर्गाचे भाडे म्हणून नव्हे, तर ऋण मानून. ही गोष्ट कोणी कशी जगून दाखविली ते पाहावयास आपल्याला यरुशलेमला जावे लागत नाही. आपल्याच पुणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, इकडे सह्याद्रीचा पाऊस कोसळतो तर तिकडे दौंडचा कोरडा माळ, त्या माळावर केडगाव आहे. तेथल्या मुक्तिसदनाच्या संस्थापिका पंडिता रमाबाई.

रमाबाईंचे चरित्र बहुतेकांना ठाऊक आहे. 1858 चा जन्म, वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर पायी तीर्थयात्रा, दुष्काळात आईवडिलांचा मृत्यू, 1878 मध्ये कलकत्त्यास मिळालेली ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ही नामाभिधाने, बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह आणि दोनच वर्षांत वैधव्य. 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी 29 सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यावरून येथे जे रान उठले ते सर्वश्रुत आहे. त्या मानाने कमी माहीत आहे ते हे की, बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांचे पहिले मोठे भांडण झाले ते ख्रिस्ती धर्मगुरूंशीच.

परिस्थिती ध्यानात घ्या. परका मुलूख, पदरी दोन वर्षांची मनोरमा, अन्नवस्त्र वाँटेजच्या भगिनीमंडळाचे. अशा वेळी सिस्टर जेराल्डिन या गुरुस्थानी असलेल्या बाईंनी सांगितलेले एकेक तत्त्व रमाबाई तपासून पाहू लागल्या. जे पटले नाही ते पटले नाही असे लिहून कळवू लागल्या. गळ्यात घालावयाच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असेही त्यांनी विचारले. एका पुरोहितवर्गाचे जोखड महत्प्रयासाने फेकून दिल्यावर आपण दुसऱ्या पुरोहितवर्गाचे जोखड घेणार नाही, ही त्यांची भूमिका त्या पत्रव्यवहारात स्पष्ट दिसते. जेराल्डिनबाईंना हा अहंकार वाटला. मात्र ज्याच्या घरी आपण जेवतो त्याला खूष ठेवण्यासाठी मान डोलविणे ही जगात सर्वांत सोपी आणि सर्वांत कमी पकडली जाणारी लबाडी आहे, हे आपण सारेच जाणतो. रमाबाईंनी ती केली नाही.

हीच गोष्ट त्यांच्या आयुष्यात उलट्या दिशेने पुन्हा आली, आणि या वेळी समोर आपली माणसे होती. अमेरिकेत बोस्टन येथे डिसेंबर 1887 मध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. त्याने दहा वर्षे मदत करण्याचे कबूल केले. अट अशी की, शाळेत धर्मशिक्षण नसावे, कोणावर कसलीही सक्ती नसावी, हिंदू मुलींना आपला आचार पाळण्याची मोकळीक असावी. 11 मार्च 1889 रोजी मुंबईस शारदा सदन उघडले, पुढल्याच वर्षी ते पुण्यास आले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळात होती. ज्या रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला तेच हे. वसंतात जमून असे विषय बोलण्याची आपली वहिवाट ज्यांच्यामुळे पडली, ते या वादात एका पक्षाला होते, हे आपण विसरू नये.

वाद दाराचा होता. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत मुलीबरोबर प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे. काही मुली आत येऊन बसू लागल्या. बोलावणे नव्हते, तशी बंदीही नव्हती. केसरीने हे प्रकरण उचलले, शहरात गहजब झाला, वीसपंचवीस मुलींना पालकांनी काढून नेले आणि ऑगस्ट 1893 मध्ये सल्लागार मंडळींनी बोस्टनला कळवून राजीनामे दिले.

आता यात सचोटी कोणाची? मंडळाचा आक्षेप पोकळ नव्हता. ज्या बालविधवेला साऱ्या जगाने झिडकारले आणि एका बाईने पोटाशी धरले, त्या मुलीला त्या बाईच्या खोलीचे उघडे दार हे नुसते उघडे दार राहत नाही. कृतज्ञता हीही एक सक्तीच असते, फक्त ती हाताने करावी लागत नाही. शिवाय रानड्यांनी मंडळावर राहून आतून कुरतडण्याऐवजी कारणे देऊन बाहेर पडणे पत्करले, हाही सरळ व्यवहार होय. तीनच वर्षांपूर्वी पंचहौद मिशनमधील चहाच्या प्रकरणात त्यांचे नाव गाजले होते आणि 1892 मध्ये त्यांनी प्रायश्चित्तही घेतले होते. ख्रिस्ती मंडळींशी संबंध ठेवल्याची किंमत त्यांना अनुभवाने ठाऊक होती.

रमाबाईंची बाजू अशी. मुलींना सांगितले आहे की आपला धर्म तुम्ही मोकळेपणाने पाळा. मग धर्माच्या बाबतीत घरात बंद असावयाचे ते एकच दार, माझे? वचन दिले ते शिकविणार नाही याचे. लपविणार असे वचन दिलेले नाही. मला या सर्व प्रकरणात महत्त्वाची वाटते ती एक साधी गोष्ट. दार लावून घेण्यास एक पैसा पडत नव्हता. कडी सरकविली असती तर मंडळ राहिले असते, मुली राहिल्या असत्या, वर्तमानपत्रे गप्प बसली असती, आणि चीर कोणालाच दिसली नसती. मडके तिने स्वतःच वाजविले आणि आवाज लोकांना ऐकू दिला. बोस्टनच्या मंडळाने त्यांच्यावरील विश्वास काढून घेतला नाही.

येथे चित्र एकरंगी करण्याचे कारण नाही. पुढे 1895 च्या सुमारास सदनातील काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला, आणि टीकाकारांना आपले भाकीत खरे ठरले असे वाटले तर त्यांना दोष देता येत नाही. पण दहा वर्षांची मुदत भरली तेव्हा 1898 मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या, जुने मंडळ विसर्जित झाले, नवे झाले, आणि यापुढचे काम उघडपणे ख्रिस्ती राहील हे दोन्ही बाजूंना ठाऊक होऊनच पैसा आला. जुन्या कराराच्या कागदावर नवा मजकूर घुसडलेला नाही. दुसऱ्या बाजूलाही या वादातून एक चांगली गोष्ट झाली. शारदा सदनातील गोदूबाईंशी 11 मार्च 1893 रोजी धोंडो केशव कर्व्यांनी पुनर्विवाह केला होता. कर्व्यांनी 1896 मध्ये धर्मांतराच्या शंकेपासून मुक्त असा अनाथबालिकाश्रम काढला, तो पुढे हिंगण्यास गेला, आणि गोदूबाई म्हणजे बाया कर्वे त्यासाठी दारोदार वर्गणी मागत हिंडल्या.

मध्यंतरी 1897 चा प्लेग आला. सरकार ख्रिस्ती, रमाबाई ख्रिस्ती. त्यांनी गप्प बसणे हिताचे होते. त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रात पुण्याच्या प्लेग इस्पितळातील गैरव्यवस्थेवर व तेथे बायकांच्या अब्रूला असलेल्या धोक्यावर जाहीर पत्र लिहिले. ते पार्लमेंटात वाजले. सरकारने इन्कार केला. धर्म एक म्हणून पासंग सरकारच्या पारड्यात टाकावा, हे त्या बाईंच्या स्वभावात नव्हते.

केडगावास सुमारे शंभर एकर जमीन त्यांनी आधीच घेतली होती. 1896–97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली आणल्या, 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आणल्या, आणि त्या माळावर विणकाम, शेती, तेलाचे घाणे, छापखाना उभा राहिला. आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात त्यांनी इब्री आणि ग्रीक या भाषा शिकून बायबलाचे मराठी भाषांतर हाती घेतले. आधीची मराठी भाषांतरे होतीच. परंतु त्यांतला संस्कृतप्रचुर शब्द खेड्यातल्या बाईला अडतो, आणि काही शब्द हिंदू तत्त्वज्ञानाचा अर्थ बरोबर घेऊन येतात, अशी त्यांची तक्रार होती. जी वेदान्त संस्कृतात बोलू शके, तिने साध्या शब्दासाठी इतकी वर्षे घालविली. जुलै 1921 मध्ये मनोरमा वारली. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण भाषांतर त्यानंतर छापून बाहेर पडले. त्याचे खिळे जुळविणाऱ्या मुक्तीतल्याच बायका होत्या.