शिक्षकालाही सोबत लागते



शिक्षक दिन आला की फुलं, पेनं, भाषणं आणि मोबाईलवरचे संदेश यांची रेलचेल होते. विद्यार्थ्यांनी शिक्षकांसाठी काय करावं, पालकांनी काय करावं, सरकारने काय करावं, यावर भरपूर बोललं जातं. शिक्षकांनी एकमेकांसाठी काय करावं, हा विषय मात्र दरवर्षी राहून जातो.

बेळगाव-निपाणी भागात मराठी माध्यमाच्या हायस्कुलांत मी तीस वर्षं गणित शिकवलं. आता निवृत्त आहे. आमच्यासारख्या भागात मराठी शाळा चांगली चालायची असेल, तर इमारत आणि संगणक यांच्याही आधी तिथल्या शिक्षकाला दुसऱ्या शिक्षकाची सोबत मिळायला हवी, असं मला अनुभवाने वाटतं. ते का आणि कसं, ते आज सांगते.

सीमेवरची शाळा

पुण्या-मुंबईच्या किंवा परदेशातल्या वाचकांना आमच्या शाळांची कल्पना नसेल. निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर, बेळगाव सुमारे ७५. गाव कर्नाटकात आणि घरातली भाषा मराठी. निपाणीच्या मुलांचं देवचंद कॉलेज गावाला लागूनच आहे, पण ते अर्जुननगरात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागल तालुक्यात. आमची कितीतरी मुलं रोज सकाळी राज्य ओलांडून कॉलेजला जातात आणि दुपारी जेवायला परत येतात!

शाळेत मात्र सगळं कर्नाटकाचं. पुस्तकं मराठीत, पण अभ्यासक्रम कर्नाटकाचा. एसएसएलसीची परीक्षा कित्येक वर्षं ६२५ गुणांची, त्यात प्रथम भाषेचे १२५. त्यामुळे कोल्हापूरच्या दुकानात मराठी गाइडांचे ढीग असले, तरी आमच्या मुलांना त्यांचा फारसा उपयोग नाही. कन्नड माध्यमासाठी भरपूर सराव साहित्य मिळतं, पण आमच्या मुलांना ते वाचता येत नाही. परिपत्रकं कन्नडमध्ये येतात, प्रशिक्षणंही बहुधा कन्नडमध्येच होतात. मध्ये उभी मराठी शाळेतली बाई किंवा सर. पट कमी झालेल्या शाळेत एका विषयाला एकच शिक्षक असतो. गणितातली शंका मी विचारणार कुणाला? शाळेत गणिताची मी एकटीच!

खानापूरच्या जंगलपट्टीत, कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला, हे एकटेपण आणखी गडद होतं. तिथल्या लहान शाळांत एक-दोन शिक्षकच सगळे वर्ग सांभाळतात. पावसाळ्यात दिवसच्या दिवस पाऊस हटत नाही. अशा शाळेतल्या एका तरुण शिक्षिकेने मला एकदा सांगितलं, "बाई, दिवसभर मी मुलांशी बोलते. पण आजचा धडा जमला की फसला, हे बोलायला मोठं माणूस कुणी नाही." पगार, बदली, रस्ता यांपैकी कशाचीच तक्रार तिने केली नाही.

याच मातीतला एक माणूस

या दुखण्यावरचा उपाय फार पूर्वी आपल्याच भागातल्या एका माणसाने मांडला होता. जे. पी. नाईक यांचा जन्म ५ सप्टेंबर १९०७ चा, आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचा. म्हणजे शिक्षक दिनाच्या तारखेलाच त्यांचाही वाढदिवस. तरुणपणी त्यांनी धारवाडजवळच्या उप्पिन बेटगेरी या कन्नड खेड्यात काम केलं. पुढे गारगोटीच्या मौनी विद्यापीठाशी त्यांचं नाव जोडलं गेलं. १९६४ मध्ये नेमलेल्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते.

आयोगाने १९६६ च्या अहवालात 'शाळा संकुला'ची कल्पना मांडली. एक हायस्कूल आणि त्याच्या आसपासच्या प्राथमिक शाळा यांनी एकमेकांशी जोडून घ्यावं. साधनं, ग्रंथालय, प्रयोगशाळा वाटून वापराव्यात, शिक्षकांनी नियमित भेटावं आणि शाळांचं एकटेपण मोडावं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात हीच कल्पना पुन्हा आली आहे. मधल्या काळात जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आला. त्याच्या पहिल्या टप्प्यात कर्नाटकातल्या ज्या चार जिल्ह्यांची निवड झाली, त्यांत बेळगाव होतं. आज क्लस्टर आहे, सीआरपी आहेत, समालोचन सभाही भरतात. सांगाडा तयार आहे, त्यात जीव ओतायचं काम शिक्षकांचं.

तसं पाहिलं तर आपल्याकडच्या नावाजलेल्या संस्था शिक्षकांच्या एकीतूनच उभ्या राहिल्या. पुण्यात १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं आणि १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी. बेळगावात १९१६ मध्ये सात तरुण शिक्षकांनी मिळून केएलई संस्था काढली. त्यांना आजही 'सप्तर्षी' म्हणतात. भाषा कन्नड असो की मराठी, शाळा एकट्याने उभी राहत नाही.

आम्ही काय करून पाहिलं

आमची सुरुवात अगदी लहान होती. आसपासच्या पाच शाळांतले आम्ही गणिताचे पाच शिक्षक. शनिवारी शाळा सकाळची असते. महिन्यातून एका शनिवारी शाळा सुटली की आम्ही जमायचो, दर वेळी वेगळ्या शाळेत. डबा ज्याचा त्याने आणायचा, चहा त्या शाळेचा. नियम एकच होता. रिकाम्या हाताने यायचं नाही. प्रत्येकाने काहीतरी आणायचं: प्रश्नपत्रिका, मुलांच्या वह्या किंवा न जमलेला धडा.

प्रिपरेटरी परीक्षेनंतर आम्ही उत्तरपत्रिका एकत्र बसून पाहिल्या. नावं झाकलेली. स्पर्शिकेचं प्रमेय पाचही शाळांतल्या मुलांना तोंडपाठ होतं. पण तीच आकृती जरा तिरकी काढून दिली की निम्मा वर्ग गडबडायचा. आपापल्या शाळेत बसून प्रत्येकाला वाटत होतं की आपलीच मुलं कच्ची. पाच गठ्ठे शेजारी ठेवल्यावर कळलं, की मुलं आकृती समजून न घेता चित्रासारखी पाठ करतात. मग आमच्यातल्या एका बाईंनी पर्समधून जुनी बांगडी काढली आणि झाडूच्या दोन काड्या मागवल्या. बांगडी कागदावर ठेवायची, एक काडी तिला बाहेरून टेकवायची, दुसरी मध्यापासून त्या बिंदूपर्यंत. आता कागद हवा तसा फिरवा, दोन काड्यांमधला कोन काटकोनच राहतो. पुढच्या सोमवारी पाच शाळांत पाच बांगड्या गेल्या.

दुसरं काम शब्दांचं. कन्नडमधल्या प्रशिक्षणात आमचे लोक गप्प बसायचे, कारण शब्दच अडायचे. आम्ही तीन रकान्यांची यादी केली. त्रिकोण, त्रिभुज, ट्रँगल. वर्तुळ, वृत्त, सर्कल. परीघ, परिधि, सरकम्फरन्स. त्रिज्या आणि व्यास हे शब्द तर कन्नडमध्येही जवळजवळ तसेच निघाले, तेव्हा सगळे हसलो. पीयूसीला इंग्रजीत विज्ञान शिकणाऱ्या मुलांनाही ती यादी उपयोगी पडली.

ही यादी तपासून दिली ती आमच्या शाळेतल्या कन्नडच्या सरांनी. मराठी शाळेत सगळ्यात एकटा कोण असेल, तर कन्नडचा शिक्षक! मुलं त्याच्या विषयाला घाबरतात आणि स्टाफरूममधल्या गप्पांत तो अर्धाच असतो. आमचे सर पाचवीच्या वर्गात पहिल्या दिवशी फळ्यावर फक्त ओळखीचे शब्द लिहायचे: अण्णा, अक्का, तुप्प. "हे तर आपलेच!" असं मुलं ओरडली की म्हणायचे, "मग अर्धी कन्नड आलीच की तुम्हाला." आम्हाला परिपत्रक समजावून द्यायचे तेच, आणि मराठी व्याकरण विचारायला मराठीच्या बाईंकडे जायचे तेही तेच. सीमाभागात शिक्षकांच्या सहकार्याचा पहिला पूल मराठी आणि कन्नड शिक्षकांमध्ये बांधायला हवा. तो बांधला की मुलांची भीती निम्मी उतरते.

दुसरीकडून शिकण्यासारखं

१९९५ च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यातले काही प्राथमिक शिक्षक आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या शाळा बघायला गेले. तिथे एकच शिक्षक वेगवेगळ्या इयत्तांच्या मुलांना कार्डांच्या मदतीने एकत्र शिकवत होता. परतल्यावर या शिक्षकांनी एकत्र बसून आपल्या मुलांसाठी कन्नडमध्ये कार्डं, गाणी, खेळ तयार केले. युनिसेफची मदत मिळाली. ती पद्धत म्हणजे 'नली-कली', आनंदाने शीक. २००९-१० पासून ती पहिली-दुसरीच्या वर्गांसाठी राज्यभर गेली. एका तालुक्यातल्या शिक्षकांनी मिळून केलेलं काम पुढे साऱ्या राज्याचं झालं.

जपानमध्ये तर शंभराहून अधिक वर्षांची रीत आहे. काही शिक्षक मिळून एकच पाठ तयार करतात. एक जण तो वर्गावर घेतो, बाकीचे मागे बसून मुलांकडे बघतात. नंतर चर्चा होते ती पाठाची. शिकवणाऱ्याची उणीदुणी तिथे काढली जात नाहीत. आमच्याकडे वर्गात मागे कुणी येऊन बसलं की तपासणी आली असंच वाटतं, म्हणून ही रीत रुजायला वेळ लागतो. आम्ही वर्षातून दोन पाठ असे घेतले. दोनच, पण ते चांगले लक्षात राहिले.

कुठे अडतं

सगळं गोड गोड नसतं. दहावीच्या निकालावरून शाळा-शाळांत चढाओढ असते. चांगली प्रश्नपेढी तयार करणाऱ्याला वाटतं, ती शेजारच्या शाळेला कशाला द्यायची? अशा वेळी मला सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले आठवतात. २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांत वाटली. एवढं मोठं मन सगळ्यांना जमणार नाही, पण चार पानांची प्रश्नपेढी द्यायला काय हरकत आहे?

दुसरी अडचण वेळेची. शनिवारी दुपारी बायकांना घर खुणावतं, म्हणून बैठक दोन तासांच्या वर नेऊ नये आणि सुटीच्या दिवशी तर ठेवूच नये. तिसरी अडचण रडगाण्याची. पहिली दहा मिनिटं तक्रारींना द्यावीत, नाहीतर सगळी बैठक त्यातच जाते. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पन्नास पीडीएफ पाठवणं म्हणजे सहकार्य नव्हे. एका पीडीएफमधला एक प्रश्न वर्गात विचारून काय झालं, ते सांगणं म्हणजे सहकार्य. नव्या शिक्षकाला पहिल्या वर्षी एक जुना सोबती ठरवून द्यावा. रजेवर गेलेल्या बाईंचा वर्ग कोण बघणार, हेही आधीच बोलून ठेवावं. गोष्टी लहान आहेत, पण माणूस त्यांच्यामुळेच टिकतो.

आणि आपण?

आपल्यापैकी अनेक जण सीमाभागातल्या शाळांतून शिकून बाहेर पडले. गावच्या शाळेला भिंतीवरचं घड्याळ किंवा पंखा देणारे खूप आहेत, त्यांचं कौतुकच आहे. पण पाच शाळांच्या शिक्षकांना महिन्यातून एकदा भेटण्यासाठी एसटीचं भाडं, झेरॉक्सचा खर्च आणि एक खोली, एवढंच लागतं. तुमच्यातले जे इंजिनिअर, डॉक्टर, प्राध्यापक आहेत, त्यांनी तीन रकान्यांच्या यादीत विज्ञानाचे शब्द भरून दिले, तर ती यादी उद्या खानापूरच्या शाळेतही पोचेल.

गणपतीला किंवा दिवाळीला गावी जाल, तेव्हा आपल्या जुन्या शाळेत जरूर डोकवा. मुलांना खाऊ द्या, फोटो काढा. निघताना बाईंना एवढं विचारा: "बाई, तुमच्या विषयाचं जवळपास दुसरं कोण आहे? तुम्ही भेटता का कधी?" उत्तर 'नाही' आलं, तर त्या दुसऱ्या बाईंचा फोन नंबर शोधून द्या. पहिली बैठक पुढच्याच शनिवारी होऊ शकते.